एकाच सतारीवर चौघं

पडद्याचं कापड कुमुदिनीताईंनी दोन बोटांत धरून पाहिलं आणि सोडून दिलं.

"दवाखान्यात असतं तसलं आहे," त्या म्हणाल्या. "हिंदूराव हॉस्पिटल समोरच आहे म्हणा. तिथूनच उचललंत का?"

"करोलबागेतून आणलं," मैत्रेयी म्हणाली.

"अच्छा. म्हणजे आता आम्ही सतार ऐकायची की एक्स-रे काढायचा?"

एसीचा आकडा कालपासून हलला नव्हता ना, एवढं मैत्रेयीनं पाहून घेतलं.

दिल्लीतल्या विद्यापीठाच्या संगीत विभागातल्या शिक्षकांत मराठी बोलणाऱ्या या दोघीच होत्या. त्यामुळे त्यांची भांडणं सगळ्यांदेखत, व्हरांड्यात, स्टाफरूममध्ये, चहाच्या खिडकीपाशी बिनधास्त होत. दोघींचा आवाज कधी चढायचा नाही. ऐकणाऱ्यांना वाटे, दोघी गावाकडच्या गप्पा मारताहेत.

कुमुदिनीताई ग्वाल्हेरच्या. वडिलांच्या नोकरीपायी लहानपणीच दिल्लीत आल्या, पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकल्या, आणि गेली नऊ वर्षं विभागप्रमुख होत्या. सतार वाजवत त्या उत्तमच, याबद्दल मैत्रेयीलाही शंका नव्हती. मैत्रेयी पुण्याची. भौतिकशास्त्रात एम.एस्सी., मग तारांच्या कंपनांवर पीएच.डी., आणि या सगळ्याच्या आधीपासून सतार. विभागात ती 'ध्वनिशास्त्र' शिकवायला आली आणि हळूहळू सतारही शिकवू लागली. कुमुदिनीताई पहिली काही वर्षं तिला 'तू' म्हणत. गेल्या वर्षीपासून 'तुम्ही' म्हणू लागल्या होत्या. ते रसिकामुळे.

रसिका दिल्लीतल्याच द्वारकेची, मराठी घरातली. वडील केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात अवर सचिव. बी.ए.ची पहिली दोन वर्षं ती कुमुदिनीताईंकडे शिकली. मग एका बैठकीत, बाहेरचे पाहुणे समोर बसलेले असताना, ताईंनी तिला एका गतीच्या, म्हणजे बंदिशीच्या, मध्यावर थांबवलं. सतार खाली ठेवायला लावली आणि दुसऱ्या मुलाला ती गत पुरी करायला सांगितली. वर पाहुण्यांना म्हणाल्या, "इसके हाथ में सितार नहीं, सामान है." पाहुणे हसले. रसिका पुढच्या सोमवारी मैत्रेयीच्या वर्गात येऊन बसली. गुरू बदलणं या विभागात कुणी केलं नव्हतं.

आता एम.ए.च्या मंचवादन शाखेत सतारीला एकच जागा होती. ती मिळाली तर रसिकाला आणखी दोन वर्षं. नाही मिळाली तर पंधरा जुलैला गुडगावच्या एका कंपनीत रुजू व्हायचं. तसा शब्द तिनं वडिलांना दिला होता. "सतार काय, शनिवार-रविवार वाजवता येतेच की," वडील म्हणाले होते. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

मागची काही वर्षं ही जागा कुमुदिनीताईंच्याच शिष्यांना मिळत आली होती. कुणीतरी डीनकडे तक्रार केली. डीननं विचारलं, यावर काही उपाय आहे का? मैत्रेयीनं उपाय दिला. तक्रार तिनं केली नव्हती. तसं तिनं ताईंना एकदा सांगितलंही होतं. "बिल्कुल," ताई म्हणाल्या होत्या, "तुम्ही कशाला कराल? तुम्ही तर फक्त उपाय देता."

उपाय असा होता. चारही उमेदवारांनी एकाच सतारीवर वाजवायचं, म्हणजे वाद्याच्या आवाजावरून कुणी ओळखू येणार नाही. सतार विभागाची, मैत्रेयीनं स्वतः जुळवलेली. खोलीतली हवा बदलली की तारा उतरतात, म्हणून एसी आदल्या दिवसापासून चालू. सगळ्यांनी एकच राग वाजवायचा, शुद्ध सारंग, कारण तरफेच्या, म्हणजे खालून आपोआप झंकारणाऱ्या, तारा त्या रागाला लावलेल्या. तानपुरा आणि तबला यंत्रावर. चपला, बांगड्या, घड्याळ बाहेर. बोलायचं नाही. खुंट्यांना हात लावायचा नाही. कोण कितव्या क्रमांकावर, ते ऑफिसातल्या माणसानं चिठ्ठ्या टाकून ठरवायचं आणि शेवटपर्यंत कुणालाच सांगायचं नाही, मैत्रेयीलाही नाही. तीही परीक्षकांच्याच बाजूला बसणार होती. प्रत्येक वादन संपलं की परीक्षकांनी गुण लिहिलेला कागद घडी घालून तिच्या हातात द्यायचा.

परीक्षक दोन. कुमुदिनीताई, आणि बनारसहून आलेले पंडित दीनानाथजी. ते सरोदिये होते, सत्तरीचे, पान खाऊन ओठ लाल झालेले. दिल्लीतल्या कुणाशी त्यांचं देणंघेणं नव्हतं.

चार उमेदवारांपैकी चैतन्य आणि गौरव हे ताईंचे शिष्य. विजयालक्ष्मी मयूर विहारची, दुसऱ्या कॉलेजातून आलेली. आणि रसिका.

"शुरू करें?" दीनानाथजी म्हणाले. "बहू आ गयी क्या परदे में?"

ताई मोकळेपणानं हसल्या. मैत्रेयीनं घंटी वाजवली.

पडद्यामागे कुणीतरी बसलं. सतार उचलल्याचा हलका आवाज झाला. मग कडेच्या, चिकारीच्या तारांवर दोन आघात, करंगळीच्या नखानं तरफेवरून वरून खाली एक सरळ ओघ, आणि शेवटी मुख्य तार निषादावरून ओढत षड्जाच्या केसभर खाली आणून थांबवलेली. क्षणभर थांबून, मग षड्ज.

मैत्रेयीनं ते ओळखलं.

खुंट्यांना कुणीही हात लावला नव्हता. नियम पाळला गेला होता. पण कुठलाही सतारिया वाजवायच्या आधी तारा छेडून पाहतोच. जुळलेल्या आहेत हे माहीत असलं तरी पाहतो. गाणारा घसा साफ करतो तसं. आणि ते कसं पाहायचं, हे ज्याचा त्याचा गुरू पहिल्या महिन्यातच हातात घालून देतो. षड्जाच्या केसभर खाली थांबणं कुमुदिनीताईंचं होतं. त्यांच्या गुरूंचं होतं. अख्ख्या दिल्लीत दुसरं कुणी तसं करत नसे. मैत्रेयीनं बांगड्या काढायला लावल्या, चपला काढायला लावल्या, एसीचा आकडा बांधून ठेवला, आणि हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तीही वाजवायच्या आधी आपल्या पद्धतीनं तारा छेडायचीच म्हणून. रोज केलेली गोष्ट दिसत नाही.

तिनं बाजूला पाहिलं. आलाप अजून सुरू व्हायचा होता. कुमुदिनीताईंनी कागदावर आकडा लिहिला होता आणि पेनाचं टोपण लावलं होतं.

"अच्छा," दीनानाथजी ताईंकडे झुकून म्हणाले, "ये तो आपके घर का है."

"हमें क्या पता, पंडितजी," ताई म्हणाल्या. "परदा है ना."

तो चैतन्य होता किंवा गौरव. सुरेल होता, थोडा घाबरलेला. शेवटचा 'झाला', म्हणजे जलद झंकारांचा भाग, संपता संपता एकदा हात अडखळला. ताईंनी टोपण काढलं नाही.

दुसऱ्या क्रमांकानं नुसतीच जोडीची तार दोनदा छेडली आणि सुरुवात केली.

"ये बाहर की है," दीनानाथजी म्हणाले, आवाज न दाबता. पडद्यामागचा पहिला सूर त्यामुळे हलला. ताईंनी आकडा लिहिला आणि खिडकीबाहेर रिजच्या जंगलातल्या माकडांकडे पाहत बसल्या.

ते वादन संपलं, पडद्यामागे एक जण उठला आणि दुसरा येऊन बसला, तेव्हा मैत्रेयी उभी राहिली.

"ताई, जरा थांबूया," ती मराठीत म्हणाली. "इथून पुढे कुणी तारा छेडून पाहायच्या नाहीत. सरळ आलाप सुरू करायचा."

"का बरं?"

"तारा छेडल्या की कळतंय कोण आहे ते."

"कुणाला कळतंय? मला नाही बाई काही कळत." ताई पडद्याकडे बघत होत्या. "तुम्हाला कळतंय का? मग तुम्ही बाहेर जाऊन बसा."

"एक नंबरचे मार्क तुम्ही आलापाच्या आधी लिहिलेत."

"तारीख लिहीत होते."

"ताई."

"दोघांनी तारा पाहिल्या आणि उरलेल्या दोघांनी पाहायच्या नाहीत? चालतं हे तुमच्या सायन्समध्ये? निम्मा प्रयोग एका नियमानं, निम्मा दुसऱ्या?"

चालत नाही. ताई बरोबर बोलत होत्या.

"क्या हुआ? बहनें क्या सलाह कर रही हैं?" दीनानाथजींनी विचारलं.

"कुछ नहीं, पंडितजी. चाय का पूछ रही हैं."

"चाय बाद में. बढ़िया चल रहा है."

मैत्रेयी खाली बसली. आता रसिका केव्हाही येणार होती, आणि तिला तारा कशा पाहायच्या ते मैत्रेयीनंच शिकवलं होतं. दोन तारा एकत्र छेडायच्या आणि वाट पाहायची. सुरात थोडा जरी फरक असला तरी आवाज लाटेसारखा कमीजास्त होतो. ती लाट मंद होत होत विरली की तारा जुळल्या. हे करायला वेळ लागतो. विभागात दुसरं कुणी इतका वेळ लावत नसे. ताई पहिल्या दोन आघातांतच ओळखतील.

तिनं घंटी वाजवली.

चिकारीवर दोन आघात. करंगळीनं तरफेवरून ओघ. निषाद, केसभर खाली थांबणं, षड्ज.

ताईंचा दुसरा शिष्य. मैत्रेयीनं श्वास सोडला. म्हणजे रसिका शेवटची. ताईंनी आकडा लिहिला होता आणि आता त्या मांडीवर हलकेच ताल धरून निवांत ऐकत होत्या.

आलाप पंचमापर्यंत आला आणि मैत्रेयीची बोटं घंटीवर आवळली. तीव्र मध्यमावरून पंचमावर जाताना वाजवणारा मध्येच थांबत होता, कान मागेल तेव्हाच पंचम देत होता. ती जागा मार्चपासून दोघी घासत होत्या. "आधीच पोचायची घाई करू नकोस," मैत्रेयी म्हणायची, आणि रसिका वैतागून म्हणायची, "मॅम, बिल्कुल घाई नाहीये, हातच पळतो यार." आज हात पळत नव्हता.

ही रसिका होती. आणि तिनं तारा ताईंच्या पद्धतीनं छेडल्या होत्या. मघाचं मराठी बोलणं पडद्यामागे कुणाला कळलं असेल तर ते फक्त तिलाच.

"वाह," कुमुदिनीताई म्हणाल्या. "गौरव सुधर गया," हे त्या दीनानाथजींना नाही, स्वतःलाच म्हणाल्या, पण मैत्रेयीनं ऐकलं. ताईंनी रसिकाची सतार वर्षभर ऐकली नव्हती. त्या आपल्या शिष्याला ऐकत होत्या आणि खरंच खूष होत्या. द्रुत गतीच्या एका तानेला त्यांनी हात उचलून दाद दिली. घडी घातलेला कागद मैत्रेयीच्या हातात देताना त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं.

चौथा क्रमांक बसला. चिकारीवर दोन आघात. करंगळी. निषाद. थांबणं. षड्ज.

ताईंचं पेन कागदावर टेकलं आणि तिथंच राहिलं. त्यांचे शिष्य दोन होते. अशा तारा तिघांनी छेडल्या होत्या. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग मान वळवून मैत्रेयीकडे. पूर्ण आलाप होईपर्यंत त्या मैत्रेयीकडेच पाहत होत्या. शेवटच्या उमेदवाराचं वादन त्यांनी ऐकलंच नाही. तो गौरव होता, आणि बऱ्यापैकी वाजवत होता.

वादन संपल्यावर दीनानाथजी पान थुंकायला बाहेर गेले.

"तीन नंबरचा कागद द्या," ताई म्हणाल्या. गौरव एका दिवसात एवढा सुधारत नाही, हे त्यांना आता उमगलं होतं.

"कशासाठी?"

"चूक झाली लिहिण्यात."

"कसली चूक?"

"मैत्रेयीबाई, शाळा नका घेऊ माझी. कागद द्या."

"देते. पंडितजी आत आले की त्यांना कारण सांगा आणि बदला. हिंदीत सांगा, म्हणजे त्यांना कळेल."

ताईंनी दाराकडे पाहिलं. कारण एकच होतं आणि ते सांगायचं म्हणजे बाकीचे तिन्ही आकडे कसे लिहिले तेही सांगावं लागणार होतं.

"तुम्ही शिकवलंत तिला हे?"

"नाही."

"तीन नंबरला कोण बसलंय, ते वाजवताना कळलं होतं तुम्हाला?"

"हो. मध्यमावर."

"मग हे मार्क खरे आहेत का?"

"नाहीत," मैत्रेयी म्हणाली. "चौघांचेही नाहीत."

"तरी लावणार?"

मैत्रेयीला काय करायला हवं ते स्पष्ट दिसत होतं. चारही कागद फाडायचे, डीनला सांगायचं की पद्धतच चुकली, आणि पुन्हा परीक्षा घ्यायची. पुन्हा म्हणजे ऑगस्टमध्ये, नवे परीक्षक नेमून. परीक्षक विभागप्रमुख नेमणार. आणि तोवर रसिका गुडगावला असणार.

"हो," ती म्हणाली. "लावणार."

"अरे वा! चार महिने डीनच्या कानाशी काय ते 'निष्पक्ष, निष्पक्ष'." ताईंनी पर्स उचलली. "मी निदान माझ्या मुलांना मार्क देते, बाई, आणि तसं तोंडावर म्हणते. तुम्ही पडदा लावून देता."

दीनानाथजी परत आले. कागद उघडले. ताईंनी पहिल्या आणि तिसऱ्या क्रमांकाला सारखेच गुण दिले होते, चौथ्यालाही तेवढेच. आपल्या दोघांपैकी कुणीही आला तरी त्यांना चालणार होतं. दीनानाथजींनी तिसऱ्याला सर्वांत जास्त दिले होते. "तीसरा सबसे सुरीला था," ते म्हणाले. "ठहरना आता है उसको. किसका है?"

ऑफिसातल्या माणसानं नावं वाचली.

"रसिका," दीनानाथजी म्हणाले. "लड़की है! और आपके घर की है, कुमुदिनीजी. बधाई."

"जी," कुमुदिनीताई म्हणाल्या. "दो साल सिखाया है."

व्हरांड्यात चौघं उभी होती. चैतन्यनं ताईंना वाकून नमस्कार केला. "गुरुमाँ, झाले में हाथ फिसल गया," तो म्हणाला. ताईंनी त्याच्या पाठीवर थोपटलं. त्याला पहिल्यापासून किती गुण होते आणि ते कधी लिहिले गेले, हे त्याला कधीच कळणार नव्हतं. हात घसरल्यामुळेच आपण हरलो असं समजून तो घरी जाणार होता. मैत्रेयीनं नजर दुसरीकडे वळवली.

"ये इकडे," ताई रसिकाला म्हणाल्या.

रसिका आली. नमस्कार मात्र तिनं केला नाही.

"चांगली वाजवलीस. मध्यम चांगला होता. आणि तारा माझ्या पद्धतीनं छेडल्यास."

"मुद्दाम छेडल्या."

"ते कळलं मला. जरा उशिरा कळलं." ताईंनी चष्मा काढून पुसला. "सोमवारी सकाळी सात वाजता माझ्या खोलीत. एम.ए.ला गुरू कोण, ते विभागप्रमुख ठरवते. हा नियम या पडद्याच्या आधीपासून आहे."

"ताई, ती माझी विद्यार्थिनी आहे," मैत्रेयी म्हणाली.

"पडद्यामागून तर माझी वाटली. मार्कही मीच दिलेत." त्या रसिकाकडे वळल्या. "पहिले सहा महिने राग नाही, गत नाही. नुसते पलटे. सगळ्या ज्युनियर मुलांबरोबर बसून. सामान उचलून ठेवण्यापासून सुरुवात. जमेल?"

"तू नाही म्हणू शकतेस," मैत्रेयी घाईनं म्हणाली. "डीनकडे अर्ज करता येतो. मी स्वतः बोलते त्यांच्याशी. रसिका, तुला हे सहन करायची काही गरज नाही."

"अर्ज केला की काय होणार, मॅम?"

"ते विचार करतील. समिती नेमतील."

"आणि समितीचं होईपर्यंत मी कुठे बसू?" रसिका चिडली होती, आणि ताईंवर नव्हे. "मी पडद्यामागे बसून सगळं ऐकलं. तुम्ही म्हणालात थांबूया. त्या दोन वाक्यं बोलल्या आणि तुम्ही खाली बसलात. तुमचा तो प्रयोग बरोबर होता की चूक, ते बघत बसलात. आत मी होते, मॅम."

"नियम मध्येच बदलला असता तर..."

"माहीत आहे. तुम्ही शिकवलंय ते." तिनं घड्याळ खिशातून काढून मनगटावर बांधलं. "तुमच्यासारख्या तारा छेडल्या असत्या तर मी आत्ता इथं उभी नसते."

कुमुदिनीताई ऐकत होत्या. त्यांना यात मजा येत होती आणि ती त्यांनी लपवलीही नाही.

"सांग की लवकर," त्या म्हणाल्या. "पंडितजींची गाडी खाली आलीय. जमणार आहे का?"

"जमेल," रसिका म्हणाली. "सात वाजता येते."

"मेट्रोच्या ब्लू लाइननं यायचं म्हणजे साडेपाचला निघावं लागेल."

"निघेन."

ताई दीनानाथजींना सोडायला जिना उतरल्या. मैत्रेयी तिथंच उभी राहिली. रसिकानं बॅग खांद्याला लावली, फोन काढला आणि गेटाकडे चालू लागली. फोन लागला तेव्हा ती फार लांब गेली नव्हती.

"बाबा, मिळाली... हो, मलाच... नाही, मैत्रेयी मॅमकडे नाही. कुमुदिनी मॅमकडे... हो, त्याच." पलीकडून बराच वेळ काहीतरी बोललं जात होतं. ती थांबून ऐकत राहिली. "ठाऊक आहे मला कशा आहेत त्या. तुम्ही गुडगावला कळवून टाका, येत नाही म्हणून. आजच कळवा."